फ्रीजरमध्ये १८ दिवस: संशोधनासाठी घेतलेल्या एका रक्तनमुन्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच अभ्यासातलं आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. निर्णय, त्यांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

एचआयव्ही असलेल्या ज्या लोकांचा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींची रक्तातली संख्या) २०० च्या खाली गेलेला असतो, त्यांच्या शरीरात एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, सुरू करण्याच्या वेळी कोणते संसर्ग लपून बसलेले असतात, हे आम्ही शोधत होतो. क्षयरोग, क्रिप्टोकॉकस आणि आणखी काही. माणूस अभ्यासात दाखल झाला की रक्त घ्यायचं, उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं आणि तीन महिन्यांनी सगळे नमुने एकदम तपासायचे, अशी पद्धत ठरली होती. बहुतेक तपासण्या एलायझा प्रकारच्या होत्या. त्यात एका प्लेटवर अनेक नमुने लागतात, म्हणून साठवून तपासणं स्वस्त पडतं आणि निकालही एकमेकांशी ताडून बघता येतात.

संमतीपत्रात एक वाक्य होतं: ‘या तपासण्यांचा निकाल तुम्हाला वैयक्तिकरीत्या कळवला जाणार नाही.’ ते मीच लिहिलं होतं. एथिक्स कमिटीने मंजूर केलं, कुणी हरकत घेतली नाही. संशोधनासाठीच्या तपासण्यांवर उपचार ठरू नयेत, हा त्यामागचा विचार तेव्हा मला रास्त वाटला होता.

क्रिप्टोकॉकसबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ही बुरशी श्वासावाटे शरीरात जाते. प्रतिकारशक्ती धड असेल तर बहुतेकांना तिचा त्रास होत नाही. सीडी४ फार खाली गेला की ती रक्तात उतरते आणि तिथून मेंदूच्या आवरणात. २०२० सालच्या अंदाजानुसार एचआयव्ही असलेल्यांमध्ये या मेंदूज्वराचे जगभरात वर्षाला सुमारे १ लाख ५२ हजार रुग्ण होते आणि १ लाख १२ हजार मृत्यू. एड्समुळे होणाऱ्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. या बुरशीचं एक वैशिष्ट्य असं की तिच्या कवचाचे अंश, म्हणजे अँटिजेन, लक्षणं दिसण्याच्या बऱ्याच आधी रक्तात सापडतात. युगांडातल्या एन्टेबे इथल्या एका जुन्या अभ्यासात हे अंतर साधारण २२ दिवसांचं निघालं होतं. म्हणजे आजार येण्याआधी सूचना देतो आणि सूचना वाचायला काही दिवसही देतो.

ती वाचण्याची पट्टी २०११ पासून वापरात आहे. गर्भचाचणीच्या पट्टीसारखी दिसते, रक्तद्रवाचा थेंब टाकला की दहा मिनिटांत निकाल. जिथे हा संसर्ग जास्त आढळतो तिथे सीडी४ १०० च्या खाली असलेल्यांची एआरटीआधी ही तपासणी करण्याचा विचार करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितलं. २०१८ मध्ये ही मर्यादा २०० पर्यंत नेता येईल असंही म्हटलं. आम्ही ज्या उपचारकेंद्रातून लोक दाखल करत होतो, तिथल्या नियमावलीतही ती होती. पण किट कधी असे, कधी नसे.

काय घडलं

शुक्रवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला आमच्या टेक्निशियनने मला लॅबमध्ये बोलावलं. तिच्यासमोर पट्ट्या ओळीने मांडलेल्या होत्या. एक पट्टी तिने बाजूला काढून ठेवली होती. तिच्यावर दोन रेषा होत्या आणि दुसरी रेषा फिकट नव्हती. तिने पुन्हा केली होती, तेच आलं होतं. मग रक्तद्रव पातळ करत करत बघितलं, तर १:३२० पर्यंत रेषा दिसत होती. १:१६० च्या वर गेलं की बुरशी मेंदूपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता बरीच वाढते.

‘मॅडम, हा नमुना १८ दिवसांपूर्वीचा आहे,’ ती म्हणाली.

नळीवर फक्त सांकेतिक क्रमांक होता. सीडी४ ४६. दाखल झाल्यापासून सातव्या दिवशी एआरटी सुरू होणार, असं वेळापत्रकात लिहिलेलं. म्हणजे औषध सुरू होऊन ११ दिवस झालेले असणार. शरीरात बुरशी असताना एआरटीने प्रतिकारशक्ती झपाट्याने परतू लागली, तर ती शक्तीच मेंदूत दाह निर्माण करू शकते. दबलेला मेंदूज्वर अचानक उफाळून वर येतो. ज्या औषधाने त्या व्यक्तीचा जीव वाचायचा, त्याच औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत तिला सर्वात मोठा धोका होता, आणि हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

पर्याय

पहिला पर्याय म्हणजे अभ्यासाच्या आराखड्यात लिहिल्याप्रमाणे वागणं: निकाल नोंदवायचा आणि पुढे जायचं. हे कुणी तोंडाने बोललं नाही, पण आमच्या कागदपत्रांनी आम्हाला तेच करायला सांगितलं होतं, म्हणून इथे लिहिते आहे.

दुसरा, एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती मागायची. पुढची बैठक ११ दिवसांवर होती.

तिसरा, उपचारकेंद्राला कळवून मोकळं व्हायचं. शुक्रवारी चार वाजता तिथल्या टेबलावर गेलेली चिठ्ठी सोमवारी कोण उघडेल, याची मला खात्री नव्हती.

चौथा, सांकेतिक क्रमांक उघडायचा, त्या व्यक्तीला गाठायचं, केंद्रातल्या डॉक्टरांशी स्वतः बोलायचं आणि कमिटीला लगेच लेखी कळवायचं.

आम्ही चौथा निवडला. त्याला दोन आधार होते आणि ते संशोधन करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताशी असावेत असं मला वाटतं. माणसांवरच्या चाचण्यांसाठीच्या आयसीएच-जीसीपी या आंतरराष्ट्रीय नियमांत सहभागी व्यक्तीला तातडीचा धोका असेल तर पूर्वपरवानगीशिवाय आराखड्यापासून बाजूला जाता येतं, फक्त कारणासह शक्य तितक्या लवकर कळवावं लागतं. दुसरा आधार सीआयओएमएस या आंतरराष्ट्रीय संस्थेची संशोधनातल्या नीतीबद्दलची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं. निकाल परत द्यावा का, हे ठरवताना ती तीन गोष्टी बघायला सांगतात: तपासणी विश्वासार्ह आहे का, निकालाला उपचाराच्या दृष्टीने अर्थ आहे का आणि त्यावर काही करता येण्यासारखं आहे का. आमच्या पट्टीच्या बाबतीत तिन्हींचं उत्तर होय होतं. आराखडा लिहितानाही ते होयच होतं, आणि हे मला आजही बोचतं.

कमिटीच्या अध्यक्षांना फोन केला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. उपचार कोण करणार? आणि फ्रीजरमध्ये असे आणखी किती नमुने आहेत?

दुसऱ्या प्रश्नाकडे मी पुढे येते.

निर्णय पहिला: फोन कधी करायचा

क्रमांक उघडला. तिशीतली बाई, घरी शिवणकाम करणारी. संमतीपत्राच्या शेवटी ‘संपर्क कसा करावा’ असा रकाना होता. त्यात आमच्या समुपदेशक ताईंच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘फक्त दुपारी २ ते ४. शिवणाच्या ऑर्डरबद्दल बोलायचं आहे असं सांगा. घरात सासूबाईंना माहीत नाही.’

तेव्हा पाच वाजत आले होते. मी म्हटलं, लगेच लावा. ताईंनी फोन हातात घेतला नाही.

‘मॅडम, तिने आपल्यावर एवढ्या एका ओळीचा भरवसा टाकलाय. ती ओळ आज मोडली, तर उद्या ती यायचीच नाही.’

आमचा थोडा वाद झाला. एका बाजूला मेंदूज्वर, दुसऱ्या बाजूला एक फोन. मला ते सरळ वाटत होतं. ताईंचं म्हणणं असं की तिला आपल्यापर्यंत येण्याची एकच वाट आहे, ती बंद झाली तर पट्टीवरच्या रेषेचा उपयोग काय? शेवटी शनिवारी दुपारी दोनला फोन करायचं ठरलं. २१ तास गेले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

शनिवारी दोन वाजून तीन मिनिटांनी ताई फोनवर म्हणाल्या, ‘ताई, मागच्या ऑर्डरचं माप परत बघायचं होतं. आज येता येईल का?’

पलीकडून क्षणभर काही आलं नाही. मग, ‘माप चुकलंय का?’

‘बघावं लागेल. आजच बघितलेलं बरं.’

ती चारच्या आत आली.

निर्णय दुसरा: पाठीतलं पाणी काढायचं का

केंद्रातल्या डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. डोकेदुखी? नाही. ताप? नाही. उलट्या? नाही. मान अवघडते? नाही. कागदावर ‘लक्षणं नाहीत’ असं लिहिलं गेलं.

मग ताईंनी तिला कामाबद्दल विचारलं. शिवण कसं चाललंय? ती म्हणाली, हल्ली सुई ओवायला दोन-तीनदा करावं लागतं, दोरा दोन दिसतात. उजेड कमी आहे म्हणून असेल. सकाळी डोकं जरा जड असतं, पण चहा घेतला की बरं वाटतं.

दोरा दोन दिसतात. मेंदूभोवतीचा दाब वाढला की डोळ्याची बाहुली बाहेर वळवणारी नस दुबळी पडते आणि एकाच्या दोन वस्तू दिसतात. हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. पण सुई ओवताना काय होतं, हे आमच्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हतं.

आता पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, काढून तपासणं अगदी गरजेचं झालं. रक्तात अँटिजेन आहे पण लक्षणं नाहीत, अशा लोकांचं पाणी तपासलं तर दर तिघांत साधारण एकाच्या मेंदूत बुरशी पोचलेली आढळते. ती पोचलेली नसेल तर फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध पुरतं. पोचलेली असेल तर फ्लुकोनाझोल एकट्याने भागत नाही, आणि ते पाण्याशिवाय कळत नाही.

ती नाही म्हणाली. तिच्या ओळखीतल्या एकाला ‘ती सुई’ टोचली आणि तो दोन दिवसांत गेला होता. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, सुई मज्जारज्जूच्या खाली टोचतात हे चित्र काढून दाखवलं. ती मान हलवत राहिली. त्या खोलीत आम्ही तिघं शिकलेले लोक एका बाईवर माहितीचा मारा करत होतो, एवढंच झालं.

ताईंनी वेगळंच विचारलं. तो माणूस दवाखान्यात चालत आला होता की उचलून आणला होता? उचलून, ती म्हणाली. शुद्ध नव्हती त्याला. ताई पुढे काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, ‘म्हणजे मी चालत आलेय तोवरच करायचं.’

पाण्याचा दाब २८ सेंटिमीटर निघाला. २५ च्या वर तो जास्त समजतात. दाब उतरेपर्यंत पाणी काढलं. काळी शाई घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. या तपासात शाईच्या अंधारात बुरशीभोवतीची पांढरी वलयं चांदण्यासारखी दिसतात. आम्हाला एकही दिसलं नाही. पण बुरशी कमी असेल तर शाई चुकते. त्याच पाण्यावर पट्टी लावली, दोन रेषा आल्या. काही दिवसांनी कल्चरमध्ये बुरशी वाढली.

निर्णय तिसरा: एआरटी थांबवायची का

बुरशीच्या उपचाराबद्दल वाद नव्हता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँबिशन चाचणीत पाच आफ्रिकी देशांतल्या ८०० हून अधिक रुग्णांवर दिसलं होतं की लायपोसोमल अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा वजनाला किलोमागे १० मिलिग्रॅम असा एकच मोठा डोस आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन (हेही बुरशीवरचंच औषध) व फ्लुकोनाझोल ही पद्धत आधीच्या आठवडाभराच्या सलाईनइतकीच काम करते. १० आठवड्यांतले मृत्यू नव्या पद्धतीत २४.८ टक्के, जुन्या पद्धतीत २८.७ टक्के. शिवाय मूत्रपिंडाला आणि रक्ताला होणारा त्रास कमी. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली. फ्लुसायटोसिन आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या एका केंद्राकडून रविवारी दुपारी आणवलं.

वाद एआरटीवर झाला. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत झालेली कोट चाचणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. या मेंदूज्वराचं निदान झाल्यावर एक-दोन आठवड्यांत एआरटी सुरू केलेल्यांपैकी २६ आठवड्यांत ४५ टक्के लोक गेले, पाच आठवडे थांबलेल्यांपैकी ३० टक्के. फरक इतका स्पष्ट होता की १७७ जणांवरच चाचणी थांबवावी लागली. पण ते सगळे एआरटी सुरू व्हायची वाट बघणारे लोक होते. हिची १२ दिवसांपूर्वी सुरू झालेली होती. आकडा जसाच्या तसा इथे बसत नव्हता.

ज्येष्ठ डॉक्टर थांबवा म्हणत होते: सीडी४ ४६, औषध डोल्युटेग्रॅव्हिर असलेलं, विषाणू झपाट्याने खाली येतो, दाह उसळायचा तर याच दिवसांत उसळेल. दुसऱ्या डॉक्टर म्हणत होत्या की सुरू केलेलं तोडलं तर विषाणूला प्रतिकार शिकायची संधी मिळते, आणि त्याहून वाईट म्हणजे रोज न चुकता घ्यायचं म्हणून ज्या गोळीची आपण तिला सवय लावली, तीच गोळी आता घेऊ नको असं आपण सांगतोय.

ठरलं ते असं: चार आठवडे थांबायचं, पाचव्यात पुन्हा सुरू. पुन्हा सुरू करायची तारीख तिच्या कार्डावर त्याच वेळी लिहून दिली. हा निर्णय बरोबर होता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वाढलेला दाब आणि दोन दिसणारे दोरे यांमुळे पारडं त्या बाजूला झुकलं.

फ्रीजरमधले बाकीचे

अध्यक्षांचा दुसरा प्रश्न. टेक्निशियन शनिवारी संध्याकाळी सुट्टी असूनही आली आणि रांगेतले सगळे नमुने काढले. रविवारी पहाटेपर्यंत आणखी दोन पट्ट्या बाजूला ठेवल्या गेल्या.

त्यांतला एक माणूस सापडला. त्याच्या पाठीतल्या पाण्यात काही नव्हतं, फ्लुकोनाझोल सुरू झालं, तो आजही तपासणीला येतो.

दुसरा ४० दिवसांपूर्वी वारला होता. आमच्या नोंदवहीत ‘घरी मृत्यू, ताप व डोकेदुखी, कारण अज्ञात’ असं लिहिलेलं होतं. ते मीच सही करून बंद केलं होतं. त्याचं रक्त मृत्यूच्या पाच आठवडे आधी घेतलेलं होतं आणि ते पातळ करत १:१२८० पर्यंत गेलं तरी रेषा येत होती.

त्याच्या भावाला सांगायचं का, यावर आम्ही तीन वेळा बसलो. त्याने स्वतःच्या हयातीत एचआयव्हीबद्दल घरात काही सांगितलं नव्हतं. मृत्यूचं खरं कारण सांगायचं तर ते सांगावंच लागलं असतं. तो अविवाहित होता, त्याच्या नोंदीनुसार कळवण्यासारखं जोडीदार कुणी नव्हतं. कमिटीने त्याची गुप्तता राखायला सांगितलं आणि मला ते पटलं. पण त्यामुळे त्याच्या मृत्यूतला आमचा वाटा फक्त आमच्याच कागदांत राहिला. तो तिथे तरी स्पष्ट शब्दांत लिहिला जावा, असा मी आग्रह धरला. ‘कारण अज्ञात’ खोडून कारण लिहिलं आणि खाली लिहिलं की निदान करता येईल असा नमुना अभ्यासाकडे पाच आठवडे होता.

पुढे काय झालं

ती १५ व्या दिवशी घरी गेली. घरी ‘डोळ्यांच्या उपचारासाठी’ राहिले असं तिने सांगितलं. ते तिने स्वतः ठरवलं. पाचव्या आठवड्यात एआरटी परत सुरू झाली. नवव्यात तीव्र डोकेदुखी घेऊन ती परत आली. पाण्यात बुरशी वाढली नाही, दाब मात्र पुन्हा चढलेला होता. म्हणजे प्रतिकारशक्ती परतताना होणारा दाह. तीन वेळा पाणी काढून दाब उतरवावा लागला. या वेळी सुईला ती नाही म्हणाली नाही. सहा महिन्यांनी विषाणू रक्तात मोजता येण्याच्या खाली गेला होता. उजवीकडे टोकाला बघितलं की अजून थोडं दुहेरी दिसतं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वात मोठी चूक शुक्रवारच्या दोन वर्षं आधी झाली होती. बाकी तपासण्या प्लेटवरच्या होत्या, म्हणून ही पट्टीही आम्ही त्याच रांगेत उभी केली. पट्टीला साठवून ठेवण्याची काहीच गरज नव्हती. ती खाटेशेजारी, दहा मिनिटांत, एकेक करून होते. आराखडा लिहिताना ‘हा निकाल आला तर कोण काय करेल’ हा प्रश्न प्रत्येक तपासणीपुढे वेगळा लिहिला असता, तर हे त्याच दिवशी दिसलं असतं. आता ही पट्टी दाखल होतानाच लागते आणि निकाल येईपर्यंत एआरटीची चिठ्ठी दिली जात नाही. झांबिया आणि टांझानियात झालेल्या एका चाचणीत ही तपासणी आणि सुरुवातीच्या आठवड्यांत घरी जाऊन दिलेला आधार, या दोन्हींमुळे वर्षभरातले मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले होते. ते आम्ही आमच्या प्रस्तावनेत उद्धृतही केलं होतं.

केंद्रात किट नव्हते आणि आमच्या कपाटात होते, हे दोन्हीकडच्या लोकांना माहीत होतं. मी त्यावर एकदाही बोलले नव्हते.

२१ तासांबद्दल मी अजून विचार करते. पुन्हा वेळ आली तर ताईंचंच ऐकेन. पण आता दाखल करताना आम्ही दुसरी वाटही विचारून ठेवतो: ‘अगदीच तातडीचं असेल आणि तुम्ही ठरवलेली वेळ नसेल, तर काय करू?’ बहुतेकांकडे याचं उत्तर असतं. मैत्रीण, कामावरचा सोबती, एखादा खुणेचा निरोप. आधी कुणी विचारलंच नव्हतं.

लक्षणांच्या यादीत कामाचे प्रश्न आले आहेत. वाचताना, शिवताना, गाडी चालवताना काही बदललंय का?

नवं संमतीपत्र तयार झाल्यावर आम्ही ते अभ्यासातल्या काही जणांना वाचायला दिलं. त्यांत तीही होती. बदललेलं वाक्य असं होतं: ‘उपचार करण्याजोगा आजार आढळल्यास त्याचा निकाल तुम्हाला ताबडतोब कळवला जाईल.’ तिने ते दोनदा वाचलं आणि पेन मागितलं.

‘कळवला जाईल म्हणजे कोण कळवेल? तिचं नाव लिहा.’

आता त्या वाक्याशेजारी एक रिकामी जागा आहे. सही घ्यायच्या आधी आम्ही तिथे नाव लिहितो.